केरळची दैनंदिनी, भाग तिसरा : भाडं खोलीचं की पाण्याचं?

दिवस पहिला आणि दुसरा : कुर्ला ते आलप्पुळा

नेत्रावती एक्स्प्रेस कुर्ल्याच्या टिळक टर्मिनसवरून दुपार होण्याआधी सुटते, कोकण रेल्वेच्या बोगद्यांतून खाली उतरते आणि दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर आलप्पुळ्याला, म्हणजे आपल्या तोंडात बसलेल्या अलेप्पीला, पोचते. पावसाळी वेळापत्रकात तर संध्याकाळच होते. हाउसबोट मात्र साधारण दुपारी बाराला धक्का सोडते. गाडी पोचते त्याच तारखेची बोट ठरवणारं कुटुंब बोटीवर पाय ठेवण्याआधीच तिचा निम्मा दिवस घालवून बसतं. ही चूक सहज होते, कारण आपण हाउसबोट लॉजच्या खोलीसारखी रात्रींत मोजतो. ती तासांत मोजली तर सगळा बेतच वेगळा दिसू लागतो. दुपारी बारा ते दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ हे झाले एकवीस तास. त्यात जेवणासाठी बोट काठाला लागते. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास तिला बांधावंच लागतं, कारण रात्रीचं पाणी जाळी टाकणाऱ्या मच्छीमारांचं असतं. सकाळी आठच्या पुढे दोर सुटतो तो परतण्यासाठीच. बेरीज करा : बोट चालते जेमतेम पाच-सहा तास, उरलेले पंधरा तास ती काठाला बांधलेली खोली असते. फक्त दिवसाची बोट घेतली तरी पाण्यावरचे तास जवळपास तेवढेच मिळतात. म्हणून लहान मुलं असलेल्या चौकोनी कुटुंबाने बोट दिवसाची घ्यावी आणि मुक्काम कालव्याकाठच्या एखाद्या घरी करावा, असं माझं मत आहे. आलप्पुळ्यात असे होमस्टे पुष्कळ आहेत. पहिली संध्याकाळ तिथेच टेकावं. प्रवासाचा शीण आहेच.

दिवस तिसरा : वेंबनाड

कोणत्या सुट्टीत जायचं, हाही प्रश्न खोलीचा नाही, पाण्याचाच आहे. कुट्टनाडची भातशेती समुद्रसपाटीच्या खाली चालते. बांध घालून, पाणी उपसून जमीन काढलेली. गोव्यातली खाजणं पाहिलेल्यांना ही युक्ती ओळखीची वाटेल. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून खाजणाला मानस बसवतात, तसंच इथे अख्ख्या वेंबनाड तलावाला तण्णीरमुक्कमचा बांध घातला आहे. १९७० च्या दशकात झालेल्या या बांधाचे दरवाजे डिसेंबरच्या मध्यापासून उन्हाळ्यापर्यंत साधारणतः बंद असतात. भात वाचतं, पण बांधाच्या दक्षिणेला पाण्याची ये-जा थांबते. खाऱ्या पाण्यात मरणारी जलपर्णी गोड्या, साचलेल्या पाण्यात फोफावते; गावांचं आणि बोटींचं सांडपाणीही तिथेच घुटमळतं. नेमका हाच नाताळच्या सुट्टीचा काळ, म्हणजे भाडं सर्वांत चढं आणि पाणी सर्वांत थकलेलं. दिवाळीत ईशान्य मान्सूनच्या सरी दुपारनंतर कोसळतात आणि एखादा तास खातात. मे महिन्यात घामाच्या धारा लागतात. तरी वाहतं पाणी हवं असेल तर दिवाळी बरी. वेंबनाड-कोल ही २००२ पासून रामसर यादीतली पाणथळ जागा आहे, तेव्हा मैलापाण्याची टाकी आहे का आणि ती कुठे रिकामी करता, हा प्रश्न बोटवाल्याला संकोच न करता विचारावा.

आता बोट. केट्टुवळ्ळम म्हणजे बांधलेली नाव. आंजिलीच्या फळ्या खिळा न मारता काथ्याच्या दोराने शिवायच्या आणि वर काजूच्या टरफलांचं काळं तेल चढवायचं, ही तिची मूळ रीत. कुट्टनाडचं भात आणि मसाले कोचीला नेणारी ही मालवाहू नाव. रस्ते आणि पूल झाल्यावर तिचं काम गेलं आणि १९९० च्या दशकात तिच्यावर खोल्या चढल्या. नाव मालाची, त्यामुळे अंगाने आडवी. आजच्या दुमजली बोटी तर त्याहून अवजड. त्या मोठ्या कालव्यांतून आणि तलावातून फिरतात. जिथे बायका पायरीवर भांडी घासतात, बदकांचे थवे शेताकडे हाकले जातात आणि पोरं होडीतून शाळेला जातात, त्या अरुंद पाटांत त्यांना शिरताच येत नाही. फोटोत भुलवणारं केरळ नेमकं तिथलं असतं. म्हणून दिवसाची बोटही लहानात लहान घ्यावी आणि वातानुकूलनावर पैसे उधळू नयेत. स्वस्त बोटींत ते बहुधा रात्री नऊ ते सकाळी सहाच चालतं, तेही जनरेटरच्या घरघरीसकट. जेवणाला करिमीन हमखास असतो. कोकणात आणि गोव्यात काळुंदर म्हणतात तोच हा मासा, फक्त इथे तो केळीच्या पानात गुंडाळून भाजतात.

यावर पहिला आक्षेप येईल तो मुलांचा : पाण्यावर झोपायचंच! हट्ट खरा आहे, पण रात्री बोट ज्या काठाला बांधतात तिथे शेजारी बहुधा आणखी बोटी उभ्या असतात, आणि डासांमुळे दारं लावून बसावं लागतं. कालव्याकाठच्या घरातून पाणी तितकंच जवळ दिसतं. दुसरा आक्षेप वजनदार आहे. तीन पिढ्यांचं आठ-दहा जणांचं कुटुंब असेल, आजीचे गुडघे दुखत असतील, तर सामान एकदाच चढवून एकदाच उतरवणं हे मोठं सुख. अशांनी एक रात्र जरूर घ्यावी, एकच. दुसऱ्या रात्रीत पहिलीपेक्षा वेगळं फारसं काही मिळत नाही. बोटीवरच्या माणसांच्या पोटाचं काय, असंही कुणी विचारेल. दिवसाच्या बोटीलाही तांडेल आणि आचारी लागतोच.

दिवस चौथा : होडी आणि फेरी

पहाटे सहा ते आठ ही इथली सगळ्यात देखणी वेळ, आणि त्या वेळी हाउसबोटी काठालाच असतात. हाताने वल्हवायची होडी मात्र तेव्हाच निघते आणि थेट त्या अरुंद पाटांत शिरते. मुक्काम घरी ठेवण्याचं याहून मोठं कारण मला सापडत नाही. न्याहारीनंतर बसस्टँडजवळच्या धक्क्यावरून राज्य जलवाहतूक खात्याची कोट्टयमच्या बाजूची फेरी पकडावी. अडीच तासांच्या आसपासचा प्रवास, तिकीट बसच्या तिकिटासारखं स्वस्त. हीच लोकांची रोजची एसटी.

फेरी सुरक्षित का, हा प्रश्न रास्त आहे. २७ जुलै २००२ ला मुहम्म्याहून कुमरकोमला जाणारी प्रवासी बोट वेंबनाडमध्ये बुडून २९ जण गेले. पण ७ मे २०२३ ला मलप्पुरम जिल्ह्यात तानूरला २२ जणांचा जीव घेणारी बोट पर्यटकांची होती. दोन्ही ठिकाणी बोटीत माणसं जास्त झाली होती. धोका बोट सरकारी की खासगी यावर ठरत नाही, डोक्यांच्या संख्येवर ठरतो. नोंदणी क्रमांक आणि प्रवासीसंख्या बोटीवर लिहिलेली आहे का ते पाहावं, लाइफ जॅकेट मुलांच्या मापाची आहेत का ते चढण्याआधी अंगावर घालून बघावं, आणि गर्दी दिसली तर पुढच्या बोटीची वाट पाहावी.

पुढच्या भागात कोट्टयमहून कुमळीचा घाट.