शाळेचा बँड कपाटात का गेला?

१५ ऑगस्टला माझ्या जुन्या शाळेत झेंडावंदनाला गेलो होतो. शाळेचं नाव लिहीत नाही. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कुठलंही नाव घाला, चालेल. संचलन झालं, पण ब्लूटूथ स्पीकरवर. मध्येच ज्यांचा मोबाईल जोडला होता त्या सरांना फोन आला, गाणं बंद पडलं आणि पोरांचे पाय चुकले. सगळे हसले, मीही हसलो. घरी येताना मात्र वाईट वाटत राहिलं.

कारण १९९३-९४ मध्ये त्याच मैदानावर आमचं बँड पथक होतं. एक मोठा ड्रम, चार साइड ड्रम, सहा बासऱ्या, झांजा आणि दोन बिगुल. त्यातला एक माझा. बिगुलाला कळा नसतात. ओठ आवळायचे, सैल सोडायचे, त्यावर जेमतेम पाच सूर निघतात. त्या पाच सुरांसाठी मी दोन वर्षं सकाळी साडेसहाला शाळेत पोचत होतो. गणितात काठावर पास होणारा मी, वर्गात मला कोण विचारतंय? पण मैदानावर मी चुकलो तर अख्खं पथक चुकायचं. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, हे मला पहिल्यांदा तिथे कळलं.

झेंडावंदनानंतर शिपाईमामांनी कपाट उघडून दाखवलं. ड्रमची पानं फाटलेली, बिगुल हिरवे पडलेले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "अहो, बँडचे सर निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. तुम्ही लिहा ना यावर." म्हणून लिहितोय.

अमेरिकेत हायस्कूलमध्ये जाझ बँड असतो. ट्रंपेट, सॅक्सोफोन, ड्रम, पियानो. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमधली जाझ संस्था ड्यूक एलिंग्टनच्या रचनांची स्वरलिपी शाळांना फुकट देते आणि त्यांची स्पर्धाही घेते. आपल्याला वाटतं, हे श्रीमंतांचे चोचले.

पण आपल्या शेजारी काय घडलं बघा. पोर्तुगीज काळात गोव्याच्या गावोगावच्या चर्चशाळांत पोरांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. गरिबांचीच पोरं ती. पोटासाठी मुंबईत आली आणि ताजमहाल हॉटेलात जाझ वाजवू लागली. हळदोण्याचा अँटोनियो झेवियर वाझ म्हणजे ट्रंपेटवाला 'चिक चॉकलेट'. आपले सी. रामचंद्र आणि भगवानदादा यांच्या 'अलबेला'त (१९५१) त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलालांचे व्हायोलिनचे गुरू. 'अमर अकबर अँथनी'मधल्या अँथनीचं गोन्साल्विस हे आडनाव त्यांच्यावरूनच आलं. ज्या गाण्यांवर आपण मोठे झालो, त्यांच्यामागे गावातल्या शाळेचा एक तास उभा आहे.

आणि जाझ म्हणजे फार परकं काही नाही हो. डबलबारी ऐकलेल्या माणसाला ते लगेच कळेल. ठेका सगळ्यांनी धरायचा, मग एकेकाने आपल्या पाळीला पुढे येऊन सुचेल ते वाजवायचं, बाकीच्यांनी त्याला खाली पडू द्यायचं नाही.

आता कायद्याचं. शिक्षण हक्क कायदा, २००९ सांगतो की सहावी ते आठवीच्या शाळेत पट शंभरच्या वर असेल तर कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अर्धवेळ निदेशक हवेत. कला म्हटलं की चित्रकलेवर भागवता येतं, संगीत राहून जातं. तुमच्या मुलांच्या शाळेत यातलं कोण आहे, पुढच्या पालकसभेत एवढं तरी विचारा.

कुणी म्हणेल, ढोल-ताशा पथकं आहेत की. आहेत, आणि पोरं-पोरी घाम गाळून वाजवतात, कौतुकच आहे. पण तो गणपतीचा मोसम. ज्या पोराला कुणी पथकात नेत नाही, त्याच्यापर्यंत शाळाच पोचू शकते. आणि हो, आमच्या वेळी बँड मुलांचा आणि लेझीम मुलींची, अशी वाटणी होती. पुन्हा सुरू केला तर ती चूक नको.

माझं म्हणणं साधं आहे. ड्रमची पानं बदलायला माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढावी. अंबोली, मरोळ, आयसी कॉलनीकडे लग्नात ब्रास बँड वाजवणारी ईस्ट इंडियन आणि गोवेकर मंडळी आहेत. त्यांच्यातल्या कुणाला मानधन देऊन आठवड्यातून दोन दिवस बोलवावं. मात्र ही सोय तात्पुरती. निदेशक देणं हे सरकारचं आणि संस्थेचं काम, ते मागायचं थांबवायचं नाही.

एक बिगुल मी बाईंना विचारून घरी आणलाय. चिंच लावून घासला. फुंकला तर दोनच सूर निघाले, तेही फाटके. शेजारची सातवीतली पोर दारात येऊन उभी राहिली, "काका, मी वाजवून बघू?"

शनिवारी सकाळी शाळेत जाणार आहे. त्या पथकात कुणी वाजवलं असेल, तर खाली नाव लिहा. सोबत जाऊ.