मुलाने सांगावे तरी कोणाला?

काशीत दुर्गाघाट, ब्रह्माघाट या परिसरात मराठी कुटुंबे कित्येक पिढ्यांपासून वास्तव्य करून आहेत. घरी मराठी, शाळेत हिंदी आणि पुस्तकांत इंग्रजी, अशा तीन भाषांत येथील मुले सहज वावरतात. परंतु मोबाईलवरून कोणी अनोळखी माणूस लाडीगोडी लावू लागला, तर ती गोष्ट कोणत्या शब्दांत सांगावी, हे त्यांना तिन्ही भाषांत सुचत नाही.

बालसुरक्षेविषयीच्या एका मजकुराचे भाषांतर करताना ‘ग्रूमिंग’ या शब्दापाशी मी अडले. कोशात नटणे-सजणे, घोड्याला खरारा करणे असे अर्थ होते. येथे अभिप्रेत होते ते निराळेच: आधी मुलाची स्तुती, मग एखादी भेट, मग ‘हे आपल्या दोघांतच राहू दे’ असे गुपित, पुढे छायाचित्राची मागणी आणि अखेरीस धमकी. आपल्याकडे याला ‘फूस लावणे’ असा जुना, नेमका शब्द आहे. तोच मी योजला. मात्र पूर्वी फूस लावणारा गल्लीच्या तोंडाशी तरी दिसे. आता तो खेळातला सवंगडी होऊन, समवयस्क मुलाच्या नावाने घरात येतो.

नववीत शिकणाऱ्या माझ्या भाचीला मी विचारले, “असं काही झालं, तर तू कोणाला सांगशील?” ती म्हणाली, “मावशी, आईला सांगितलं तर मोबाईल जाईल, आणि मॅडमना सांगितलं तर साऱ्या वर्गाला कळेल.”

तिची दोन्ही भये निराधार नव्हेत. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि धडे मोबाईलवर आले, तेव्हापासून वही-पुस्तकांप्रमाणेच तोही अभ्यासाचे साधन झाला आहे. तो काढून घेणे म्हणजे सांगितल्याबद्दल मुलालाच शिक्षा करणे होय. धमकावणाऱ्याचे सारे बळ मुलाच्या या मौनातच असते.

हे मौन मोडण्याचे काम शाळा करू शकते. प्रत्येक शाळेने दोन विश्वासू व्यक्तींची नावे मुलांना सांगून ठेवावीत. त्या शिक्षकच असाव्यात असे नाही; ग्रंथपाल किंवा कार्यालयातील कारकूनही चालतील. मात्र शिपायापासून बसमधील मदतनीस बाईंपर्यंत सर्वांना एक वाक्य अवगत असावे: “सांगितलंस हे बरं केलंस. चूक तुझी नाही.” मग शांतपणे ऐकावे, उलटतपासणी करू नये आणि शिक्षकांच्या खोलीत चर्चाही करू नये.

धमकीचे संदेश व पाठवणाऱ्याच्या खात्याचे नाव पुसू नये. परंतु मुलाचे अश्लील छायाचित्र असल्यास ते पुरावा म्हणूनही कोणाला पाठवू नये. असे चित्र पसरवणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६७-ब खाली गुन्हा आहे. ते आहे तेथेच ठेवून पोलिसांना कळवावे. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ अन्वये अशा गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. शाळेच्या नावाला बट्टा लागेल म्हणून प्रकरण आपसांत मिटवण्याची मुभा कोणालाच नाही. बालकांच्या मदतीसाठी १०९८ आणि सायबर गुन्ह्यांसाठी, विशेषतः पैसे उकळले गेले असल्यास, १९३० हे दूरध्वनी क्रमांक आहेत. ते मुलांना दिसतील अशा ठिकाणी लावावेत.

शाळेने स्वतःकडेही पाहावे. स्नेहसंमेलनाची छायाचित्रे मुलांची नावे व इयत्ता यांसह सर्वांसाठी खुली ठेवली जातात. गणवेशावरील बोधचिन्ह आणि खालचे नाव एवढ्यावरून परक्याला मूल कोणत्या शाळेत सापडेल हे कळते. पालकांची संमती घ्यावी आणि नावे गाळावीत. समारंभाची शोभा त्याने उणी होत नाही.

पालकांनीही आपला वाटा उचलावा. मोबाईल हिसकावला जाणार नाही, असे वचन मुलाला आधीच द्यावे, आणि येत्या पालकसभेत गुणांची चौकशी करण्यापूर्वी मुख्याध्यापकांना एवढेच विचारावे: “माझ्या मुलाला काही सांगायचे असेल, तर येथे त्याने कोणाकडे जावे?” उत्तरादाखल एका माणसाचे नाव मिळाले पाहिजे.