जिजा नावाच्या तिघी

बुलढाणा जिल्ह्यात नावं एकटी राहत नाहीत. शेगावच्या आसपास घरटी एक गजानन सापडतो. बाजारात हाक मारली की चार जण वळून बघतात, मग बापाचं नाव जोडून पुन्हा हाक मारावी लागते. गावांचंही तसंच. धुळ्याकडे शिंदखेडा, आमच्याकडे सिंदखेड. म्हणून आमचं सिंदखेड ‘राजा’ लावून ओळखलं जातं, शेजारच्या देऊळगावासारखं. दोन्ही गावं जाधवरावांची. याच सिंदखेडच्या वाड्यात लखुजीराजे आणि म्हाळसाबाईंच्या पोटी जिजाऊ जन्मल्या. १२ जानेवारी १५९८ हा त्यांचा जन्मदिवस आता साऱ्या महाराष्ट्राला पाठ आहे. त्या दिवशी सिंदखेडराजाकडे येणारे रस्ते पहाटेपासून माणसांनी भरून जातात.

गर्दी ओसरल्यावर मात्र मला दरवर्षी त्याच नावाच्या आणखी दोघी आठवतात. एक देहूची, एक कोल्हापूरची. तिघींची नावं एक आणि तिघींच्या वाट्याला आलेलं कामही एकच. घर ज्याच्या भरवशावर चालायचं तो पुरुष एक तर दूर, नाही तर वेगळ्याच ओढीत, नाही तर देवाघरी. आणि मागे सगळं राखायचं ते हिनं.

जिजाऊंच्या बाबतीत नावाचा हा धागा फार खोल जातो, आणि मला तो सिंदखेडच्या मातीतच सापडतो. बखरींमध्ये खंडागळ्यांच्या हत्तीची हकिगत येते. निजामशाहीच्या दरबारातून बाहेर पडताना हत्ती बिथरला, तो आवरताना जाधव आणि भोसले एकमेकांवर तुटून पडले. त्या झटापटीत जिजाऊंचे भाऊ दत्ताजी पडले आणि शहाजीराजांचे चुलतभाऊ संभाजी, विठोजींचे चिरंजीव, तेही पडले. दत्ताजींना मारलं संभाजींनी, संभाजींना मारलं खुद्द लखुजींनी. माहेर आणि सासर यांच्यामध्ये असं रक्त सांडलं. पुढे जिजाऊंना पहिला मुलगा झाला, त्याचं नाव संभाजी. ज्या नावाचा माणूस बापाच्या हातून गेला, ते नाव लेकराच्या पाळण्यावर. त्या माउलीनं पहिल्यांदा ते नाव कानात सांगताना काय गिळलं असेल, ते कुठल्या बखरीत लिहिलेलं नाही.

दुःख तेवढ्यावर थांबलं नाही. २५ जुलै १६२९ रोजी देवगिरीच्या किल्ल्यात, निजामशहाच्या दरबारात लखुजीराजांची दगा करून हत्या झाली. सोबत अचलोजी आणि राघोजी हे दोन मुलगे, नातू यशवंतराव. एका दिवसात वडील, दोन भाऊ आणि भाचा! तेव्हा शिवबा जिजाऊंच्या पोटात होते. पुढच्या फेब्रुवारीत, १९ तारखेला, शिवनेरीवर त्यांचा जन्म झाला. सिंदखेडराजाला लखुजींची समाधी आहे, दगडी, भव्य, वर घुमट. तिथे उभं राहिलं की मला इतिहासाआधी ती लेक दिसते. बापाच्या मातीला तिला येता आलं नसेल.

थोरले संभाजी कर्नाटकात कनकगिरीच्या वेढ्यात पडले. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच, १४ मे १६५७ रोजी, पुरंदरावर सईबाईंना मुलगा झाला, आणि त्याचं नाव पुन्हा संभाजी ठेवलं. मूल दोन वर्षांचं झालं नि सईबाई गेल्या. नातू वाढवला आजीनं. म्हणजे साठीच्या उंबरठ्यावरच्या जिजाऊ रोज सकाळी ज्या नावानं नातवाला उठवत, त्याच नावानं त्यांनी कधीकाळी आपल्या पोरालाही उठवलं होतं. आपल्याकडे गेलेल्या माणसाचं नाव नव्या बाळाला देतात, ते माणूस परत यावा म्हणून, असं म्हातारी माणसं सांगतात. जिजाऊंच्या घरात ते नाव खरोखरच परत आलं आणि छत्रपती झालं. ते पाहायला मात्र त्या नव्हत्या. शिवरायांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ला झाला आणि १७ जूनला पाचाडला त्यांनी डोळे मिटले.

देहूची जिजाई यांच्याच काळातली. पुण्याच्या अप्पाजी गुळव्यांची लेक, तुकोबांची दुसरी बायको. घरी तिला आवली म्हणत. म्हणजे बाल शिवाजींना घेऊन जिजाऊ पुण्यात राहत होत्या तेव्हा दुसरी जिजा तिथून दहा कोसांच्या आत इंद्रायणीकाठी चूल फुंकत होती. १६३०च्या आगेमागे पडलेला मोठा दुष्काळ दोघींनी भोगला. एकीनं गडावर बाळंतपण काढलं, दुसरीच्या घरात सवत रखमा आणि तिचा मुलगा संतू अन्नावाचून गेले.

जिजाईवर महाराष्ट्रानं अन्याय केला आहे, असं मी अगदी मनापासून म्हणतो. तिला आपण कजाग ठरवलं. विठ्ठलाला शिव्या देणारी, संतांना घालूनपाडून बोलणारी बायको म्हणून कीर्तनात तिच्यावर हशा पिकतो. पण तिच्या जागी उभं राहून बघा. नवऱ्यानं कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. परंपरेत गोष्ट सांगतात, की जिजाईनं स्वतःच्या नावावर कर्ज काढून भांडवल उभं करून दिलं, तुकोबांनी त्यावर व्यापार करून नफाही मिळवला आणि वाटेत भेटलेल्या एका अडलेल्याला तो देऊन टाकला. घरात लेकरं, कोठीत दाणा नाही, आणि नवरा भंडाऱ्याच्या डोंगरावर. ती रागावली. पण रागावूनही रोज भाकरी बांधून तो डोंगर चढली, त्याने खाल्ल्याशिवाय स्वतः घास घेतला नाही. तिच्या पायात काटा रुतला तेव्हा तो काढायला विठ्ठल आला, अशी कथा आहे. ज्यांनी ही कथा रचली त्यांना तिची किंमत कळली होती. १६५०ला तुकोबा गेले तेव्हा नारायण तिच्या पोटात होता. १९३६च्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये गौरी या नटीनं ही जिजाई उभी केली, ती मात्र खरी वाटली, कारण तिच्या भांडणात माया होती.

तिसरी कोल्हापूरची महाराणी जिजाबाई. तोरगलच्या शिंद्यांची लेक. राजाराम महाराजांचे पुत्र संभाजी यांची राणी, म्हणजे नात्यानं आपल्या सिंदखेडच्या जिजाऊंची पणतसून. १७६०ला संभाजी महाराज वारले, पोटी वारस नव्हता. कोल्हापूरची गादी खालसा करून राज्य एक करावं, असा पेशव्यांचा विचार होता. जिजाबाईंनी तो हाणून पाडला. १७६२ला खानवटकर भोसल्यांच्या घरातला मुलगा दत्तक घेतला, त्याचं नाव शिवाजी ठेवलं आणि १७७३ला स्वतःचा अंत होईपर्यंत राज्य चालवलं. नवरा संभाजी, राणी जिजाबाई, मुलगा शिवाजी: पन्हाळ्याच्या छायेत सिंदखेडच्या लेकीचं सगळं घर पुन्हा एकदा नावानिशी उभं राहिलं. ती गादी टिकली म्हणून पुढे कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराज होऊ शकले. एवढं करूनही या बाईंचं नाव शाळेच्या पुस्तकात शोधावं लागतं.

थोर माणसाच्या नावाची सावली मोठी असते, खाली दुसरं रोप दिसत नाही. जिजाऊंचं नाव आता मुंबईच्या राणीच्या बागेला आहे, माटुंग्याच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेला १९९७पासून आहे. ते योग्यच झालं, परकीय राणीच्या जागी आमच्या मातीतली आई आली. पण त्या नावात देहूची आणि पन्हाळ्याची बाईही सामावून घ्यायला काय हरकत आहे? स्वतः जिजाऊंनी तर एका संभाजीसाठी दुसऱ्याला कधी पुसलं नाही.

आमच्या भागात जुन्या रेशनकार्डांवर, सातबाऱ्यावर, मतदारयाद्यांवर अजून कितीतरी जिजाबाई आहेत. कपाशी वेचणाऱ्या, सोयाबीनच्या सोंगणीला जाणाऱ्या. नवरा सुरतेला नाही तर पुण्याला कामाला, आणि घरी म्हातारी माणसं, दोन जनावरं, शाळेत जाणारी पोरं यांचं सगळं हिच्याकडे. त्यांच्यापैकी कुणाला कजाग म्हणण्याआधी जरा थांबायला हवं.

१२ जानेवारीला सिंदखेडराजाला याल तेव्हा राजवाडा बघा, लखुजींच्या समाधीपाशी क्षणभर थांबा, मोती तलावावर जा. सोबत मुली असतील तर त्यांना जिजाऊंची गोष्ट सांगाच. आणि परतीच्या वाटेवर, गाडीत वेळ असतो तेव्हा, देहूच्या जिजाईची आणि कोल्हापूरच्या जिजाबाईंचीही सांगा.