माधवगंजातली पद्मिनी

बेळगावच्या फलाटावर गोवा एक्स्प्रेसमध्ये बसलं, की गाडी न बदलता थेट ग्वाल्हेरला उतरता येतं. एवढी सोय असूनही आपल्याकडची माणसं तिकडं फारशी फिरकत नाहीत. आम्ही गेलो ते मावशीच्या आग्रहावरून, गेल्या डिसेंबरात.

मावशी आणि काका लष्करात, माधवगंजात राहतात. ‘लष्करात’ म्हटल्यावर आमच्या सौ.ला आधी वाटलं, काका फौजेत होते की काय! पण लष्कर हे ग्वाल्हेरच्या एका मोठ्या भागाचं नाव. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याजवळ छावणी टाकली, ती पुन्हा उठलीच नाही. छावणीचंच शहर झालं. शिंद्यांच्या मागोमाग आलेली मराठी घराणी आजही इथं आहेत. त्यांच्या मराठीत हिंदी मिसळते, जशी आपल्या मराठीत कन्नड. सौ.ला तिथं परकं वाटलं नाही, ते बहुधा यामुळंच.

आपला या गावाशी दुसराही एक धागा आहे, तो कानाचा. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेर गायकी इथून शिकून गेले आणि त्यांनी ती मिरज-इचलकरंजीकडं रुजवली. काकांच्या घरी अजून रोज सकाळी गाणं लागतं. पंच्याहत्तरी ओलांडलेले काका डोळे मिटून ऐकतात. म्हणूनच पुढं जे घडलं त्याचं मला नवल वाटलं.

काकांचं दुसरं दैवत म्हणजे दारातली पद्मिनी, १९८४ सालची. तरुण वाचकांसाठी सांगतो : मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नावानं जी गाडी बनत होती, तीच पुढं प्रीमियर पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. २००१ च्या सुमारास ती बनणं थांबलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. काकांची मात्र रोज मंडईत जाते. पुण्याला असलेला त्यांचा मुलगा वर्षभर मागं लागला आहे, “बाबा, आता भंगारात द्या. रिक्षानं फिरा.” काका फोन मावशीकडं देऊन मोकळे होतात.

दुसऱ्या दिवशी काकांनी आम्हाला किल्ला दाखवायला नेलं. गाडीनं वर जायचा रस्ता पश्चिमेकडच्या उरवाई दरवाजातून. दोन्ही बाजूंच्या कातळात पंधराव्या शतकातल्या प्रचंड जैन मूर्ती कोरलेल्या. मानसिंह तोमराचा निळ्या फरशांचा महाल पाहून परत निघालो आणि उतार लागला. काकांनी ब्रेक दाबला तशी पुढच्या डाव्या चाकातून किंचाळी उठली. पाठोपाठ खर्र... खर्र... चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा. दोन्हीकडच्या कातळांमुळं तो आवाज दुप्पट होऊन परत येत होता.

काकांना समजू नये म्हणून सौ. मागून मला म्हणाली, “एनो सप्पळ बराकत्तैती, निल्लसाक हेळ्री.” मावशीला कन्नडचं अक्षर येत नाही, पण तिनं घट्ट धरलेली दारावरची मूठ मला आरशात दिसली. काका शांत. मी म्हटलं, “काका, आवाज येतोय.” ते म्हणाले, “कसला आवाज?”

ज्या माणसाला तानपुऱ्याची एक तार उतरलेली कळायची, त्याला ही किंचाळी ऐकू येत नव्हती! वयानुसार आधी बारीक, उंच स्वर ऐकू येईनासे होतात, हे मला माहीत होतं. घरातल्या माणसाच्या बाबतीत ते लक्षात आलं नव्हतं, इतकंच.

कडेला थांबलो, मग पहिल्या गिअरमध्ये हळूहळू खाली आलो. घरी पोहोचल्यावर मी चारही चाकांच्या मध्यभागाजवळ हात नेऊन पाहिला. तीन कोमट, डावं पुढचं चांगलंच तापलेलं.

रात्री गच्चीवर काका आपणहून बोलले. “तुम्ही म्हणता तो आवाज मला येत नाही. पण महिनाभर स्टिअरिंगमधून हाताला मुंग्या येतात, पन्नासच्या पुढं. मुलाला सांगितलं तर किल्ली काढून घेईल, म्हणून बोललो नाही.” किल्ली गेली, की गाण्याच्या बैठकीला, दवाखान्यात, मित्राकडं जायला कोणाच्या तरी तोंडाकडं पाहावं लागणार. ती भीती त्यांना चाकाच्या भीतीपेक्षा मोठी होती.

सकाळी झाशी रोडला गर्दी व्हायच्या आत मी आणि काका निघालो. या वेळी चाक माझ्या हातात आणि काकांच्या हातात वही. आवाज कसला हे विचारायचं नाही, कधी येतो तेवढं लिहायचं, असं ठरलं. चाळीसच्या वेगात गाडी न्यूट्रल केली. आवाज तसाच राहिला, म्हणजे इंजिनचा संबंध नाही. ब्रेकवर नुसता पाय टेकवला, तर खरखर बदलली. पन्नासला एक खालच्या पट्टीतली घुमघुम सुरू झाली. काल भीतीपोटी ती आम्हाला ऐकूच आली नव्हती. रस्ता मोकळा पाहून गाडी किंचित उजवीकडं वळवली, तर घुमघुम वाढली; डावीकडं वळवली, तर कमी झाली. उजवीकडं वळताना भार डाव्या चाकांवर येतो, म्हणजे खोट डाव्या बाजूला. काका पटकन म्हणाले, “हीच! हीच माझ्या हातात येते.”

माधवगंजातल्याच एका जुन्या मिस्त्रींकडं गेलो. त्यांनी वही वाचली आणि गाडी जॅकवर घेतली. चाक वर-खाली धरून हलवलं, तर खट्‌खट्‌ लागलं. मग मला ब्रेक दाबून धरायला सांगून पुन्हा हलवलं, तर खट्‌खट्‌ बंद. ब्रेक दाबूनही चाक हललं असतं तर किंगपिनचा दोष. थांबलं, म्हणजे बेअरिंगचा. नंतर त्यांनी चाक हातानं फिरवलं आणि दुसरा तळवा स्प्रिंगवर ठेवला. “देखिए,” म्हणाले. मीही हात ठेवला. आत वाळू भरडल्यासारखं लागत होतं.

ड्रम काढल्यावर उलगडा झाला. मागचा पत्रा कशाचा तरी मार लागून वाकला होता आणि ड्रमला घासत होता. खर्र खर्र त्याचीच. किंचाळी लायनरवर साचलेल्या भुकटीची, लायनर अजून जाड होते. मिस्त्रींनी ती भुकटी फुंकली नाही, ओल्या फडक्यानं पुसली. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, ते छातीत जाऊ नये म्हणून. बेअरिंगमधलं ग्रीस मात्र वाळून काळं झालेलं, कड्यावर खड्डे पडलेले. असंच आणखी चाललं असतं, तर उतारावर चाकच जाम झालं असतं. मिस्त्री म्हणाले, “बाबूजी, जो चिल्ला रहा था वो बेगुनाह है. जो गुनगुना रहा था वो ले डूबता.”

आम्हा सगळ्यांना घाबरवणारा आवाज निर्दोष निघाला. आणि जो खरा धोक्याचा, तो आमच्या कानांनी सोडला होता आणि काकांच्या हातांनी धरला होता. महिनाभर धरून, भीतीपोटी गप्प ठेवला होता, एवढाच काय तो दोष.

नवं बेअरिंग, नवं सील, ताजं ग्रीस घातलं, पत्रा ठोकून सरळ झाला. दुपारी काकांनी स्वतः पुण्याला फोन लावला आणि मुंग्यांपासून सगळं सांगितलं. पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मग दोघांमध्ये ठरलं : रात्री आणि किल्ल्यावर गाडी न्यायची नाही, कान तपासून घ्यायचे, आणि दर महिन्याला मिस्त्रींनी शेजारी बसून एक फेरी मारायची. मुलानं भंगाराचा विषय पुढच्या दिवाळीपर्यंत तहकूब केला.

परत निघताना काका आम्हाला पद्मिनीतूनच स्टेशनवर सोडायला आले. मावशीनं गजकाचे डबे दिले. वाटेत सगळे गप्प, कान लावून. स्टेशनाच्या वळणावर ब्रेक लागला, गाडी मुकाट्यानं थांबली. काकांनी मागं वळून सौ.ला विचारलं, “सप्पळ?”

हा शब्द त्यांनी कधी उचलला कोण जाणे. ती हसून म्हणाली, “इल्ल काका.”