वेळासच्या वाळूवर

सणसवाडीहून समुद्राकडे निघालं की आधी वाघोली पार करायची असते. तिसरी पाळी सुटायच्या आत कोरेगाव भीमा मागे पडलं नाही, तर कंपन्यांच्या बसगाड्यांमागेच सकाळ जाते. म्हणून पहाटेच निघालो. चांदणी चौकानंतर गाडीतली बोलणी मोकळी झाली. पौडच्या पुढे मुळशी धरणाचं पाणी दिसलं. याच पाण्याखाली आपली शेतं जाऊ नयेत म्हणून 1921 साली इथल्या मावळ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला होता. मार्चमध्ये पाणी ओसरलं, की काठाची उघडी तांबडी माती बघताना ते आठवतंच. ताम्हिणी उतरून माणगाव, म्हसळा करत बागमांडल्याला पोचलो, तेव्हा ऊन चढलं होतं.

तिथे सावित्री समुद्राला मिळते. फेरीबोटीत गाड्या, दुचाक्या, माशांच्या पाट्या आणि माणसं एकत्रच चढतात. पलीकडे वेशवीला उतरलं की रायगड जिल्हा संपून रत्नागिरीचा मंडणगड तालुका लागतो. खाडीच्या मुखावरच्या बाणकोट किल्ल्याला आंग्र्यांनी हिंमतगड म्हटलं, तर इंग्रजांनी फोर्ट व्हिक्टोरिया. ज्याच्या हाती हा किल्ला, त्याच्या हाती महाडपर्यंतचा जलमार्ग. आज तटावरून खाली पाहिलं, तर चार होड्या आणि ती फेरीबोट, एवढीच वर्दळ.

वेळास हे नाना फडणवीसांच्या भानू घराण्याचं गाव. डोंगराच्या कुशीत नारळी-पोफळीच्या वाड्या, जांभ्याची घरं, सारवलेली अंगणं. समुद्र गावातून दिसत नाही, रात्री फक्त ऐकू येतो. आणि बरीच घरं कुलूपबंद. काहींच्या कड्यांना गंज चढलेला. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्या काकूंनी भात, कुळथाचं पिठलं आणि आमसुलाचं सार वाढता वाढता सांगितलं, "गणपतीत या, पाय ठेवायला जागा नसते. एरवी आम्ही दोघंच." निसर्ग वादळाने, जून 2020 मध्ये, या पट्ट्यातल्या वाड्या झोपवल्या. पोफळ नव्याने लावली तरी हाती सुपारी यायला वर्षं जातात, आणि तेवढी वर्षं मुंबईतल्या मुलाच्या पगारावर काढायची.

शेजारचा एक मुलगा पाणी द्यायला आला होता. आम्ही कुठले, ते कळल्यावर त्याने विचारलं, "तुमच्याकडे कंपन्यांत आयटीआयवाल्यांना घेतात ना?" आमच्या गावात शेतांच्या जागी शेड उभ्या राहिल्या आणि दहा बाय दहाच्या खोल्यांना दूरदूरच्या जिल्ह्यांतून भाडेकरू आले. त्याला माहिती दिली, फोन नंबरही दिला. पण मनातून वाटत होतं, याने जाऊ नये.

का, ते पहाटे किनाऱ्यावर कळलं. सुरूच्या बनापलीकडे लांबच लांब रिकामी वाळू. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी हिवाळ्यातल्या रात्री अशाच काळोख्या, शांत जागी येते, मागच्या पायांनी हातभर खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालून वाळू दाबते आणि परत फिरते. पिल्लांची वाट ती पाहत नाही. पूर्वी ही अंडी माणसं उकरून नेत, उरलेली कोल्ही-कुत्री. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन हे थांबवलं. निर्जन किनारा कासवाला हवा असतो हे खरं, पण तो राखायला गावात माणूस राहावा लागतो. कासवमित्र रात्री किनारा चालतात, मादीच्या पायांचा माग दिसला की घरटं शोधतात, अंडी कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरतात आणि तारीख लिहितात. वाळू जास्त तापली तर माद्याच जास्त निपजतात, म्हणून उन्हावरही लक्ष. कासव महोत्सवाला येणारे पाहुणे गावातल्याच घरांत उतरतात. काकूंच्या घरात चार पैसे येतात ते याच वाटेने.

घरट्यावरची टोपली उचलली, तर खाली पिल्लं वळवळत होती, काळीभोर, तळहातात मावतील एवढी. दोरीच्या अलीकडे आम्ही, पलीकडे ती. पुष्कळांना लाटेने दोनदा मागे फेकलं, तरी ती पुन्हा पाण्याकडेच वळली. माझ्या बाजूची लहान मुलगी प्रत्येकाला नाव देत होती. याच किनाऱ्यावर जानेवारी 2022 मध्ये एका मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवला, पश्चिम किनाऱ्यावर पहिल्यांदाच. तिचं नाव ठेवलं प्रथमा. ती पुढे गुजरातच्या दिशेने गेल्याचं कासवमित्रांना घरबसल्या कळत होतं.

पाहुणे चहाला पांगल्यावर कासवमित्र घरटं पुन्हा उकरायला बसला. फुटलेली कवचं एकीकडे, न फुटलेली अंडी दुसरीकडे. तळाशी एक अशक्त पिल्लू सापडलं. त्याने ते ओल्या वाळूच्या घमेल्यात ठेवलं, वहीत आकडे भरले आणि म्हणाला, "हे संध्याकाळी सोडू. तुम्ही आहात ना तोवर?"