शिराझ, विरळणी आणि किलोचा भाव



वाईन द्राक्षाची विरळणी परवडते का, असं बरेच जण विचारत होते. परवा शेजारच्या वायनरीत मुंबई-पुण्याच्या एका वाईन क्लबची चव घ्यायची संध्याकाळ झाली. आमच्याच बागेचा माल त्यांच्या पुढ्यात होता, म्हणून मलाही बोलावलं होतं. तिथं जे पाहिलं ते आणि त्यामागचा हिशोब, दोन्ही लिहितो.

आधी बागेची माहिती. दिंडोरी तालुका, शिराझ एक एकर, लागण आठ बाय चारवर, म्हणजे एकरी तेराशे साठ वेली. गेल्या हंगामात मण्यात पाणी उतरून रंग धरायला लागल्यावर अर्ध्या एकरात घड कमी केले. वेलीला तीसच्या आसपास होते, वीस-बावीस ठेवले. उरलेला अर्धा एकर तसाच. पाणी, खत, फवारणी दोन्हीकडं सारखी. वायनरीतल्या पोराला म्हटलं, दोन्ही माल वेगळे दळ. त्यानं खरंच दोन टाक्या वेगळ्या ठेवल्या. न विरळलेल्या भागाला २२ ब्रिक्स लागले, विरळलेल्याला साडेतेवीस. बिया चावून बघितल्या, तर विरळलेल्या भागातल्या पूर्ण तपकिरी आणि कुरकुरीत, दुसरीकडं थोडी हिरवी झाक होती.

तर पाहुणे तेवीस. ऊन उतरल्यावर आधी बागेत फिरवलं. टेबल द्राक्षाची सवय असलेल्याला वाईनचा घड म्हणजे गरीब दिसतो. मणी बारीक, साल जाड, आत बिया. जीए नाही, डिपिंग नाही, मण्याला फुगवण नाही. एकानं विचारलं, "दादा, लाल वाईनचा रस लालच असतो ना?" मी काळाभोर मणी घेऊन पिळून दाखवला. रस जवळजवळ पांढरा. रंग सालीत असतो, म्हणून रस सालीसकट आंबवतात. मणी जेवढा बारीक, तेवढी रसाच्या मानानं साल जास्त. आपण टेबलला मणी फुगवायला जीव टाकतो, इथं बारीक मणीच कामाचा. हे सांगितल्यावर दोन-चार जणांनी मणी सालीसकट चावून बघितला, तोंड आवळलं. ते तुरट लागतं तेच टॅनिन, सालीत आणि बीमध्ये असतं.

मग आत टेबलं मांडलेली. ग्लास, पाणी, साधा पाव आणि मधोमध थुंकायची भांडी. घोट तोंडात घोळवायचा आणि टाकायचा. आपला माणूस म्हणेल, पैसे देऊन थुंकतात काय! पण पाच-सहा वाईन लागोपाठ चाखायच्या तर डोकं ताळ्यावर पाहिजे. आधी थंडगार चेनिन ब्लाँ, मग सोव्हिन्यो ब्लाँ, आणि शेवटी आमची शिराझ दोन ग्लासात. एकावर अ, एकावर ब. कुठला कुठला ते वायनरीवाल्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, मलाही नाही.

तेवीसपैकी सतरा जणांनी ब उचलला. एक ताई म्हणाल्या, काळ्या मिरीचा वास येतोय. मला आधी हे शहरी नखरे वाटले. पण वायनरीतला पोरगा म्हणाला, "काका, खरंय ते. मिरीत जो वासाचा घटक असतो, तोच शिराझच्या सालीत असतो. रोटंडोन म्हणतात. थंड हवेत तो जास्त टिकतो." आपल्याकडं जानेवारीत रात्री कसला गारठा पडतो, तुम्हाला माहीतच आहे. गारठ्यानं टेबलवाल्याचा मणी तडकला की रडू येतं, आणि इथं त्याच गारठ्याचं कौतुक चाललेलं.

तीन-चार जण अ च्या बाजूनंही बोलले, जेवणासोबत हलकी बरी लागेल म्हणाले. तेही ऐकण्यासारखं होतं. मग चिठ्ठी उघडली. ब म्हणजे विरळलेला अर्धा एकर.

टाळ्या वाजल्या. त्याच मिरीवाल्या ताईंनी सरळ विचारलं, "काका, ही बाटली हजाराला मिळेल. तुम्हाला त्यातले किती?" म्हटलं, ७५० मिलीच्या बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्ष लागतं. मला भाव ४५ रुपये किलो. म्हणजे छप्पन रुपये. सगळे गप्प झाले. मग मीच पुढं बोललो, कारण अर्धा हिशोब सांगणं बरं नव्हे. उरलेल्यात बाटली, बूच, टाकी थंड ठेवायची वीज, ओकचं पिंप, वर्षभर अडकलेलं भांडवल, दुकानदार आणि सरकारचा कर आहे. वायनरीवाला काही पोतं भरून घरी नेत नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. न विरळता एकरी ५ टन निघतो. ४५ नं झाले २ लाख २५ हजार. विरळून एकरी ३ टन ७०० किलो. त्याच भावानं १ लाख ६६ हजार ५००. म्हणजे एकरी साडेअठ्ठावन्न हजारांचा खड्डा, वर विरळणीची मजुरी. चांगला माल पिकवला म्हणून मीच कमी पैसे घ्यायचे, हे कुठलं गणित? नुसतं बरोबरीत यायचं तर भाव ६१ रुपये पाहिजे.

जुन्या लोकांना आठवत असेल. २००१ साली राज्यानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, मग वाईनच्या बागा भराभर उभ्या राहिल्या. २००८ नंतर मंदीत उठाव गेला, कित्येकांनी बागा तोडल्या. आमच्याकडचा माल तेव्हा एका वायनरीनं वेलीवरच सोडला. वडील अजून म्हणतात, "टेबलचा माल निदान बाजारात तरी नेता येतो, हा कुणाला विकशील?" त्यांचं बरोबर आहे. वाईन द्राक्षाला दुसरं गिऱ्हाईक नसतं, म्हणून करार कागदावर पक्का पाहिजे.

त्या रात्री पाहुणे गेल्यावर वायनरीवाल्याशी बोललो. मागणी एकच. विरळलेल्या प्लॉटचा भाव किलोवर नको, एकरावर ठरवा. वेलीला घड किती ठेवायचे ते तुम्ही सांगा, ब्रिक्स तुमच्या मीटरवर मोजा, पण एकराचे पैसे ठरलेले द्या. माल कमी करायचा निर्णय तुमचा, तर त्याची झळ माझ्या एकट्यावर नको. तो नाही म्हणाला नाही. हिशोब मांडून सांगतो म्हणाला. एप्रिलच्या खरड छाटणीआधी उत्तर मागितलंय. होकार आला तर पूर्ण एकर विरळणीवर नेणार. नाही आला तर ओलांडे ठेवून वर टेबलच्या जातीचं कलम करायचा विचार आहे, खुंट तसाही दमदार आहे.

यंदाची स्थिती : तोडणी पुढच्या आठवड्यात, पहाटे चारला सुरू करून ऊन चढायच्या आत माल वायनरीत. भुरी नाही. शेवटची फवारणी कधीच बंद केलीय.

तुमच्यापैकी कुणाचा एकरावर करार आहे का? असेल तर अटी काय आहेत, पैसे किती हप्त्यांत मिळतात, ते खाली लिहा. आपल्या सगळ्यांच्याच कामाचं आहे.