धाकटी छत्री

मुलांनो, विमानातून उडी घेणाऱ्याच्या पाठीवर मोठी हवाईछत्री असते, हे तुम्हांला ठाऊक आहे. पण ती बाहेर काढतं कोण? तिचीच धाकटी बहीण! तिला 'पायलट शूट' म्हणतात. रुंदी जेमतेम दोन-अडीच फूट. उडी घेणारा तिला हाताने वाऱ्यात सोडतो. ती फुगते, लांब पट्टी ओढते, पिन निघते आणि मोठी छत्री उलगडते.

वसमतच्या आमच्या चौथीच्या मुलांनी रुमालाच्या छत्र्या केल्या होत्या. एकीचा एक दोरा बोटभर आखूड! ती गिरक्या घेत धप्पकन पडली. एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, खड्याच्या जागी माणूस असता तर?"

म्हणूनच खरी धाकटी छत्री उडीआधी बारकाईने तपासतात. कापड विरलंय का, खालची जाळी फाटलीय का, टाके उसवलेत का, आधाराच्या पट्ट्या सारख्या आहेत का, ओढायची पट्टी झिजलीय का, सगळं बोटं फिरवून पाहायचं. फाटक्या जाळीची ओढ कमी पडते. पाठीवर राखीव छत्री असते खरी, पण तिच्या भरवशावर उसवलेला टाका सोडायचा नाही.

पुण्याच्या शीतल महाजन यांनी २००४ साली उत्तर ध्रुवावर उडी घेतली, २०१८ साली थायलंडमध्ये चक्क नऊवारी नेसून! त्यांचं धाडस जगाला दिसलं. पण कोणत्याही उडीत छत्रीचा टाका न् टाका आधी जमिनीवर बसून पाहावा लागतो. तेही धाडसाचंच काम, बरं का!